मधल्या जागेवरचा प्रेक्षक

रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ हा वयात येणाऱ्या मुलांच्या लैंगिक कुतूहलावरचा चित्रपट २०१३ साली प्रदर्शित झाला, तेव्हा ज्यांनी तो मित्रांबरोबर पाहिला ते भाग्यवान. माझ्या नशिबी तो अमळनेरच्या घरी, वैशाखातल्या दुपारी, डावीकडे आबा आणि उजवीकडे आठवीतला मुलगा अशा बैठकीत टीव्हीवर पाहणे आले. चित्रपटाच्या नावातली दोन्ही पदे मी एकटाच भूषवीत होतो आणि बाहेर ऊन असे, की उठून ओट्यावर जाण्याचीही सोय नव्हती.

चित्रपटातली ज्योतीताई अचानक चाळ सोडून जाते, मोठी माणसे ‘तिने शेण खाल्लं’ यापलीकडे काही सांगत नाहीत, आणि मग अव्या, भाग्या, डॉली, चिऊ ही मंडळी विशूच्या मार्गदर्शनाखाली व्हीसीआरवर आपले शिक्षण पूर्ण करू पाहतात. गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या मुंबईची, पण ती आमच्याच गल्लीतून उचललेली असावी, अशी माझी खात्री होत गेली. फरक इतकाच, की त्या मुलांना रिकामे घर मिळत असे. खानदेशात भरदिवसा दार लावले, की गल्ली ‘कोण आजारी आहे’ हे विचारायला येते. उन्हाळ्यात तर सगळेच धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपत. तिथे एका धाब्यावर कुजबुजलेले वाक्य पलीकडच्या धाब्यावरची काकू दुरुस्त करून परत पाठवीत असे. गणपतीत भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर आधी पौराणिक चित्रपट लागत. मंडळी पेंगल्यावर ‘हेड साफ करून ठेवतो’ असे सांगून आम्ही जी कॅसेट लावली, तिच्यात मुंग्याच मुंग्या होत्या, आणि त्या मुंग्यांत आम्ही पहाटेपर्यंत अर्थ शोधत बसलो.

इकडे पडद्यावर मुलांनी कॅसेट आत सरकवली, तसे आबा पंख्याकडे पाहू लागले. रिमोट त्यांच्या मांडीखाली होता. ज्या भारनियमनाला मी जन्मभर शिव्या दिल्या, त्याचीच मी करुणा भाकली. वीज काही गेली नाही. मुलगा मात्र शांतपणे शेवमुरमुरे खात होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आम्हा दोघांविषयी सारखीच दया होती.

“पप्पा, तुमच्या वेळी हे कुठून आणायचे?” त्याने व्हीसीआरकडे बोट दाखवून विचारले. प्रश्न निव्वळ यंत्राविषयी होता, तरीही मी सावधगिरी म्हणून ‘मला काय माहीत’ असे उत्तर दिले.

“स्टँडसमोर दुकान व्हतं,” पंख्यावरची नजर न हलवता आबा म्हणाले. “कॅसेटवाला मन्हा दोस्त व्हता.”