मांडवगडावर पाऊस बघू देणार का कोणी?

श्रावणातल्या रविवारी इंदूरहून मांडवगडाला, म्हणजे मांडूला, निघणं म्हणजे विकतचं दुखणं. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, धारपर्यंत बरा जातो. घाट चढून आलमगीर दरवाज्यापाशी आलात की संपलं! हत्ती-घोड्यांच्या काळातली कमान, तिच्यात दोन थोराड गाड्या समोरासमोर. मागे कोण घेणार? कोणीच नाही. हॉर्न मात्र सगळे वाजवणार. एक भिया काच खाली करून त्याच दरवाज्याच्या दगडावर पिंक टाकतो. मागच्या सीटवरून आत्या म्हणतात, "इंदूरच्या सराफ्यातच खायला गेलो असतो तर बरं झालं असतं रे."

आत पोचल्यावर तरी काय? जहाजमहालाच्या एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव, दोन्ही तुडुंब, वर ढग उतरलेले. आणि गच्चीवर रीलवाल्यांची रांग! "काका, जरा फ्रेममधून बाजूला व्हा ना." अरे, मी तिकीट काढून आलोय, तुझ्या फ्रेमचं भाडं नाही भरलं!

गाइडचं तर विचारूच नका. बाबांनी हौसेने केला. तो माळव्याचा सुलतान ग्यासुद्दीनच्या जनानखान्यातल्या पंधरा हजार बायकांपुढे सरकेचना. मी निमतनाम्याचं विचारलं. त्याच सुलतानाच्या काळात सुरू झालेलं आणि त्याचा मुलगा नासिरशहाच्या काळात पुरं झालेलं पाकशास्त्राचं चित्रमय पुस्तक. त्यात समोशांचे कितीतरी प्रकार आहेत. मूळ पोथी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. गाइड म्हणाला, "साहेब, त्या कोपऱ्यात टाळी वाजवा, आवाज घुमतो." बाहेर मिळाला तो समोसा गार, आत कच्चा बटाटा. ग्यासुद्दीनने असा समोसा करणाऱ्याला तलावात बुडवलं असतं, आणि मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो.

१६१७ मध्ये जहांगीर इथे आला. पावसाळ्यातल्या मांडूसारखी हवा आणि शोभा दुसरीकडे पाहिली नाही, असं त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्याच आठवणींत नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याचं कौतुक आहे. बापाला विष दिलं म्हणून त्या नासिरशहाची कबर उकरायला लावल्याचंही आहे. इतका मसाला असताना एक धड फलक लावायला कोणाचे हात मोडलेत? बरं, असलेल्या फलकावर कोणीतरी खिळ्याने बदाम कोरून ठेवलाय.

रूपमतीच्या मंडपात तर पाय ठेवायला जागा नाही. तिथून नर्मदा दिसते म्हणे. मला दिसल्या सेल्फी स्टिका आणि एका पोराच्या खांद्यावरचा भलामोठा स्पीकर. १५६१ साली माळव्याचा सुलतान बाजबहादूर हरला, त्याच्या लाडक्या रूपमतीने विष घेतलं. तिच्या गोष्टीवर फारसीत पोथी लिहिली गेली, अजून माळव्यात तिची गाणी सांगतात. आणि हा पठ्ठ्या तिथे पंजाबी ठेका लावून नाचतोय! "आवाज कमी कर रे बाळा," म्हटलं तर म्हणतो, "अंकल, एन्जॉय करो ना."

परतीला त्याच दरवाज्यात पुन्हा पाऊण तास. आता माझ्यापुढे त्या स्पीकरवाल्याचीच गाडी, डिकी उघडी, गाणं चालूच.