कोकण: प्रवेश मोफत, राइडचे पैसे वेगळे

कोकणात जायचं ठरलंच असेल तर निघण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करा: तिथे कुणी राहत नाही. जी माणसं दिसतात ते सगळे कर्मचारी. झाडाखाली जाळं दुरुस्त करत बसलेले काका कर्मचारी, पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला चाललेली मावशी कर्मचारी, आणि खळ्यात आमसुलं वाळत घालणारी आजी तर खास तुमच्या रीलसाठी सकाळपासून उन्हात नेमलेली. एवढं ध्यानात ठेवलं की सुट्टी सुखाची जाते. नाहीतर मग कुणाच्या बेड्यासमोर, म्हणजे अंगणाच्या फाटकासमोर, गाडी लावताना विचारावं लागतं, कुणाच्या देवळात शिरताना हाफ पँटचा विचार करावा लागतो. एवढे पैसे खर्चून गेल्यावर हे कुणी सांगितलंय?

याला सरकारी आधारही आहे. सिंधुदुर्गाला १९९७ सालीच पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलेलं आहे. जिल्हा पर्यटनाचा, म्हणजे ओघानं पर्यटकांचा. सातबाऱ्यावर अजून तुमचं नाव चढलेलं नाही, ही तलाठ्याची दिरंगाई.

आता प्रवास. खोपोलीकडच्या थीम पार्कात रांगेत उभं राहावं लागतं. कोकणात रांगेत बसायची सोय आहे आणि ती मुंबई-गोवा महामार्गावर, पनवेलजवळच्या पळस्प्यापासून सुरू होते. पळस्पे-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली हाती घेतलं. त्या वर्षी जन्मलेली मुलं ‘बाबा, अजून किती वेळ?’ हे विचारायच्या वयातून बाहेर पडली, आता ती हेडफोन लावून मागे झोपतात. माणगावात गाडी थांबली की हॉर्न वाजवा. पुढच्याला हलायला जागा नसते हे खरं, पण आपण आलोय हे चिपळूणपर्यंत कळायला नको? कोकण रेल्वेचा विचार मात्र मनात आणू नका. त्या मार्गावर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, म्हणजे तेवढा वेळ खिडकीतून काहीही दिसत नाही, आणि रेल्वेनं गेलात तर गाडी किनाऱ्यावर कशी नेणार?

कारण गाडी किनाऱ्यावर नेणं हा या सुट्टीचा गाभा आहे. किनारा चालण्यासाठी असतो हा समज जुना झाला. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली पुळण, म्हणजे वाळू, अशी घट्ट लागते की देवानं खास तुमच्या टायरांसाठी दाबून घेतली असं वाटावं. तिथे गोल गोल फिरवा. दारं उघडी ठेवून गाणी लावा. एखादा स्थानिक वरून ओरडेल, “दादानू, गाडी वर घेवा, भरती लागली हा!” त्याला हात हलवून हसून दाखवा आणि “फोर बाय फोर आहे, फोर बाय फोर!” असं ओरडून सांगा. समुद्रानं ऐकलं नसेल तर पुन्हा एकदा सांगा.

भरतीची वेळ कशी काढायची हे या लोकांना पंचांगावरून कळतं. तिथीला पाऊणपट करायची. आज चतुर्थी? चार पाऊण तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. अष्टमी असली तर सहाला. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं साधारण पन्नास मिनिटं पुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, त्याला जोर कमी. शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा हा हिशेब तोंडपाठ असतो. तुम्ही इतके शिकलेले, तुम्हाला त्याची काय गरज? तुमच्याकडे मोबाइलवर हवामानाचं ॲप आहे, आणि त्यात सूर्याचं चित्र आहे.

मग पौर्णिमेच्या दिवशी सकाळी दहाला तुम्ही गाडी खाली उतरवता. पुळण ओलसर, समुद्र अजून चार पावलं लांब, सगळं झकास. साडेदहाला मागचं एक चाक जरा बसतं. आता खरी मजा: ॲक्सिलरेटर दाबा. जितका दाबाल तितकं चाक आपलं आपण पुरून घेतं, हे वाळूचं वैशिष्ट्य. मेहुण्याला मागून ढकलायला लावा, म्हणजे वाळू त्याच्या तोंडावर उडेल आणि व्हिडिओ चालेल. पावणेअकराला पहिली लाट चाकाला लागून जाते. तोवर मघाचा ओरडणारा माणूस ट्रॅक्टर आणायला गेलेला असतो; तो न सांगताच गेलेला असतो, कारण त्याला आता शब्द वाया घालवायचा कंटाळा आला आहे. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी वर येते, तो पैसे सांगतो, आणि तुम्ही म्हणता, “लुटतात हो हे लोक!” राइडचं तिकीट समजून द्या. खाऱ्या पाण्याचा गंज गाडीच्या पोटात नंतर निवांत चढतो, त्याचे वेगळे पैसे इथे घेत नाहीत.

पाण्यावरचं झालं, आता पाण्याखालचं. मालवणला जाऊन स्कूबा न करता परतलात तर सोसायटीत तोंड दाखवायला जागा उरत नाही. होडीतून नेतात, पाठीवर सिलिंडर बांधतात, तोंडात नळी, नाक बंद. उतरण्याआधी प्रशिक्षक पोरगा खुणा शिकवतो: अंगठा आणि तर्जनीचा गोल म्हणजे सगळं ठीक, अंगठा वर म्हणजे मला वर न्या. हे शिकवताना तुम्ही मोबाइल कुणाकडे द्यायचा या विवंचनेत असता, तेच योग्य. खाली गेल्यावर व्हिडिओवाला समोर येतो, जन्माची सवय उफाळते आणि तुम्ही कॅमेऱ्याला दणदणीत अंगठा दाखवता. पोरगा गुणी. लगेच वर आणतो. वर आल्या आल्या मास्क काढून “इतक्यात संपलं?” म्हणून भांडायला घ्या. तो पुन्हा खाली नेतो. तुम्ही पुन्हा अंगठा दाखवता.

इथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, एकोणतीस चौरस किलोमीटरांचं. प्रवाळावर पाय ठेवू नका असं कुणीतरी सांगेल, कारण तो दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत आहे आणि ती वाढायला वर्षानुवर्षं लागतात. असेल. पण पाय टेकायला तिथे दुसरं काय ठेवलंय? आणि डॉल्फिन दिसले नाहीत तर होडीवाल्याकडे अर्धे पैसे परत मागा. डॉल्फिनला ड्युटीची वेळ पाळता येत नसेल तर त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकानं का सोसावा? तीच गत सीगल पक्ष्यांची. ते हिवाळी पाहुणे, मे महिन्यात नसतात. तुम्ही मे महिन्यातच विचारा.

सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीवाले साधारण तासाभराची मुदत देतात. अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला तासात पाहून होत नाही, तेव्हा पाहायला जाऊच नका. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तो मुद्दाम तसा बांधलाय, हे गाइड सांगत असताना तुम्ही दरवाजासमोर फोटोसाठी उभे राहा, म्हणजे तो जवळ गेल्यावरही इतरांना दिसणार नाही. १६६४ साली पायाभरणी झालेल्या या किल्ल्यात, चहूबाजूंनी खारं पाणी असताना, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे. एवढं ऐकून बिसलेरीची बाटली उघडा. आणि हो, किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की त्यांचं दळणवळण समुद्राच्या मर्जीवर. तुम्ही गोंधळू नका. ते कर्मचारी निवास आहे.

आता जेवण. पाटीवर ‘चुलीवरचं जेवण’ लिहिलेलं असेल तिथेच उतरा. मी अशा एका घरी हे पाहिलं, आणि तेव्हापासून या पाटीबद्दलचा माझा आदर दुणावला. काकींनी परसात चूल पेटवली होती. गॅस आल्यापासून फुंकणी लागत नव्हती, ती पोटमाळ्यावर चढून शोधून आणली होती. ती हातात धरून त्या वाकून बसल्या, पाहुण्या बाईंनी सांगितलं, “काकी, जरा इकडे बघून फुंका ना.” इकडे बघून फुंकता येत नाही, हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं. काकींनी तरीही बघून फुंकलं. धूर सगळा डोळ्यांत. “किती ऑथेंटिक!” असं म्हणत फोटो निघाले. मग काकींनी लाकडं मागे ओढली, पदरानं डोळे पुसले आणि आत जाऊन गॅसच्या दोन शेगड्यांवर वडे तळायला घेतले, कारण चौदा माणसांचे कोंबडी-वडे त्या एका चुलीवर करायचे तर पहिल्या पाहुण्याचं जेवण होऊन शेवटच्याला रात्रीचंच मिळालं असतं. वडे उत्तम झाले होते. “चुलीची चव गॅसला येत नाही,” असं सगळ्यांनी एकमुखानं मान्य केलं. काकींनीही केलं.

मासे खायचे तर जुलै महिना उत्तम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण माशांचा तो विणीचा काळ. घरोघरी सुक्या बांगड्याची किसमूर आणि सुकट चालू असते. अशा वेळी टेबलावर मूठ आपटून विचारा, “सुरमई आजची आहे ना?” वेटर म्हणेल, “आजचीच साहेब.” तोही कर्मचारीच, त्याला संवाद पाठ असतात. घरात कुणी मासे खात नसेल तर पनीर टिक्का मागा. मिळतो. आता सगळीकडे मिळतो.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर सोडू नका. होडीतून अर्धगोलात जाळं टाकलेलं असतं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं तासन्‌तास मागे मागे सरकत असतात. एकाच तालात, टाचा वाळूत रोवून. हा भाग कंटाळवाणा आहे, तेव्हा नाश्ता करून या. जाळं अगदी काठाला आलं की घुसा, दोर धरा, फोटो काढून घ्या. चेहऱ्यावर कष्ट दिसले पाहिजेत. दोर उलट्या बाजूला ओढला जात असेल तर ते लोक सांभाळून घेतात. मग वाळूवर बांगडे-पेडव्यांचा ढीग तडफडू लागला, वाटे पडू लागले, की पुढे होऊन भाव करा. रापणीत ज्यानं ओढलं त्याला वाटा असतो, हा जुना रिवाज आहे. तुम्हीही दोराला हात लावलेलाच आहे. हसत हसत मागून बघा. रापणकार तुमच्या हातावर एक बांगडा ठेवेल. तो जिवंत असतो हे लक्षात ठेवा, नाहीतर किंचाळताना तुमचाच व्हिडिओ निघायचा.

रात्री रिसॉर्टवर दशावतार असेल. गावच्या जत्रेत हे नाटक मध्यरात्री उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरतं आणि नट तिथल्या तिथे बोलत सुटतात. शेतात राबणारा माणूस रात्री स्वतःच्या हातानं तोंड रंगवून असा राजा होतो की समोरच्यांनी उठून उभं राहावं. तुम्हाला एवढा वेळ नाही. मॅनेजरला सांगा, बुफेपूर्वी अर्ध्या तासात उरका. संकासुर राक्षस येऊन गेला, राजाची तलवारबाजी झाली की व्यवस्थापनाला जाब विचारा: अवतार दहा सांगितले होते, उरलेले कुठे आहेत? या नाटकात दहाही अवतार दाखवायची पद्धतच नाही असं उत्तर मिळेल. बिलातून कापून घ्या.

परतताना आंब्याची पेटी हवीच. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे कोकणाबाहेरच्या आंब्याला ते नाव लावता येत नाही. त्यामुळे हल्ली नाव आंब्याला न लावता पेटीवर छापतात. वरचा थर बघून घ्या. खालचा थर घरी गेल्यावर बघायचा असतो.

प्लॉटचंही विचारून ठेवा. ‘समुद्र दिसला पाहिजे, पण गाव दिसता कामा नये’ अशी अट घाला. एजंट समजूतदार असतात.

आणि घरी पोहोचल्यावर, कपड्यांतली वाळू झटकण्याआधी, अभिप्राय लिहायला बसा. समुद्राला पाचपैकी तीन तारे पुरेत, रात्रभर आवाज करतो. कोंबडा पहाटे आरवतो, त्याबद्दल एक तारा आणखी कापा. रस्त्याबद्दल लिहू नका, तो तुम्ही पुढच्या वेळी विसरलेला असतो. एका होमस्टेच्या पानावर असंच एकानं लिहिलं होतं, ‘जागा छान, पण पाणी फारच खारट, लहान मुलांना पोहता आलं नाही.’ खाली मालकाचं उत्तर होतं, ‘माफी असावी. पुढच्या टायमाक येवच्या आधी कळवा, साखर घालून ठेवतंव.’