अमेरिकेचा आइस डान्स म्हणजे रशियन माल?

फिगर स्केटिंगचा विषय निघाला की एक विधान हमखास कानावर येतं: ‘अमेरिकनांना आइस डान्स (बर्फावरचा जोडीचा नाच, उड्यांपेक्षा पावलांवर भर) कधी जमलाच नव्हता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिकडचे प्रशिक्षक आले, त्यांनी रशियन पद्धत आणली आणि लगेच पदकं सुरू झाली. ती पदकं खरं तर रशियाचीच.’ यातला थोडा भाग खरा आहे. त्याकडे शेवटी येतो.

‘कधी जमलाच नव्हता.’ आइस डान्स ऑलिंपिकमध्ये आला १९७६ साली, इन्सब्रुकला. त्या पहिल्याच खेपेला कॉलीन ओ’कॉनर आणि जिम मिल्न्स या अमेरिकन जोडीने कांस्य मिळवलं. त्याआधी १९७० च्या जागतिक स्पर्धेत ज्युडी श्वोमायर आणि जेम्स स्लॅडकी दुसरे आले होते. या दोघांनी प्रशिक्षक रॉन लडिंग्टन यांच्यासोबत ‘यँकी पोल्का’ बसवला. पुढे तो आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या सक्तीच्या नाचांत गेला, म्हणजे सोव्हिएत जोड्यांनाही तो घोटावा लागला. लडिंग्टन स्वतः अमेरिकन, १९६० च्या ऑलिंपिकमधले पेअर्सचे (उड्यांचा, जोडीदाराला डोक्यावर उचलण्याचा वेगळा जोडीप्रकार) कांस्यविजेते. १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षं जागतिक कांस्यही अमेरिकेकडेच होतं, ज्युडी ब्लमबर्ग आणि मायकल सीबर्ट यांच्यामुळे.

‘सोव्हिएत संघ कोसळल्यावर आले.’ ज्या इगोर श्पिलबँड या सोव्हिएत स्केटर-प्रशिक्षकावर ही सगळी गोष्ट उभी आहे, तो १९९० मध्येच दौऱ्यावर असताना अमेरिकेत राहिला आणि मिशिगनमधल्या डेट्रॉइटला स्थिरावला. सोव्हिएत संघ मोडला १९९१ च्या अखेरीस. चूक बारीक आहे, पुढे जाऊ.

‘आणि लगेच पदकं सुरू झाली.’ इथे मात्र थांबायला हवं, कारण सगळा दावा या ‘लगेच’वर तोललेला आहे. पी हळद नि हो गोरी असं काही झालं नाही. १९८५ नंतर अमेरिकेला आइस डान्सचं जागतिक पदक मिळालं ते थेट २००५ मध्ये: टॅनिथ बेल्बिन आणि बेन अगोस्टो यांचं रौप्य, तेही मॉस्कोत. श्पिलबँडला येऊन तोवर १५ वर्षं झाली होती. ऑलिंपिक पदक २००६ मध्ये, ओ’कॉनर-मिल्न्स यांच्यानंतर ३० वर्षांनी.

मधल्या काळात बदललं काय? गुण देण्याची रीत. २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकमध्ये पेअर्सच्या निकालावरून गदारोळ झाला आणि ६.० ची (सहापैकी गुण देण्याची) जुनी पद्धत मोडीत निघाली. त्या पद्धतीत आइस डान्सबद्दलची जुनी तक्रार अशी, की इथे क्रम आधीच लागलेला असतो, आपली पाळी येईपर्यंत रांगेत उभं राहायचं. नव्या पद्धतीत प्रत्येक लिफ्टला, प्रत्येक ट्विझलला (एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकणं), पावलांच्या प्रत्येक मालिकेला वेगळे गुण आणि काठिण्यपातळी आली. २००५ ची मॉस्को ही या पद्धतीने झालेली पहिली जागतिक स्पर्धा. श्पिलबँड आणि त्याची रशियन सहप्रशिक्षक मरीना झुएवा यांची खरी हुशारी मला इथे दिसते: नियम बारकाईने वाचून गुण वेचणारे नाच बसवायचे. पण ती नियमावली रशियालाही तितकीच नवी होती. मॉस्कोहून पेटीत भरून आणलेली विद्या नव्हे ही.

‘रशियन पद्धत’ म्हणणाऱ्यांनी २०१० चं व्हँकुव्हर आठवावं. मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट ही मिशिगनचीच मुलं, १९९७ पासूनची जोडी. लोकनृत्याच्या फेरीत ती हिंदी चित्रपटगीतांवर नाचली, त्यासाठी मिशिगनमधल्या एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडे हातांच्या मुद्रा शिकली. आपल्याकडे तो व्हिडिओ कौतुकाने फिरला होता. (त्याच फेरीत रशियन जोडीने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं सोंग आणलं आणि त्यावर तिथल्या आदिवासी नेत्यांनी हरकत घेतली.) सुवर्ण मिळालं कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयरना, रौप्य डेव्हिस-व्हाइटना. दोन्ही जोड्या मिशिगनमधल्या कँटनच्या एकाच रिंकवर, त्याच दोन प्रशिक्षकांकडे शिकत होत्या.

आता ‘पदकं रशियाचीच’. हाच हिशेब उलटा लावून बघा. २००६ चं रशियाचं सुवर्ण जिंकणारे नवका आणि कोस्तोमारोव सराव करत न्यू जर्सीत. २०१० ची रशियन कांस्यविजेती जोडी पेनसिल्व्हेनियात. ती पदकं अमेरिकेची म्हणायची का? २०२२ चे कांस्यविजेते हबेल आणि डॉनह्यू तर मॉन्ट्रियलमध्ये तयार झाले, कॅनडाच्या मारी-फ्रान्स द्युब्रुई आणि पॅट्रिस लोझाँ यांच्याकडे, फ्रान्सच्या रोमँ आगनोएच्या जोडीने. मॅडिसन चॉक आणि इव्हान बेट्स २०१८ मध्ये श्पिलबँडला सोडून तिथेच गेले आणि २०२३ पासून सलग तीनदा जगज्जेते झाले. त्यांच्या खात्यावर रशियाचं नाव कोणत्या रकान्यात घालणार?

राहिला तो खरा भाग. श्पिलबँड आणि झुएवा नसते तर मिशिगन या खेळाचं केंद्र झालं असतं असं मला वाटत नाही. २०१२ मध्ये दोघे वेगळे झाले, डेव्हिस-व्हाइट झुएवाकडे राहिले. २०१४ मध्ये सोचीत अमेरिकेने आइस डान्सचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्यांची प्रशिक्षक तीच होती. आणि रौप्यविजेत्या कॅनडाच्या जोडीचीही.