फक्त एक रकाना वाढवा

आमच्या वाचनालयाच्या दारात सहा पायऱ्या आहेत. वडील पहिल्या पायरीपाशी थांबतात, एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि मग चढायला लागतात. तिसऱ्या पायरीवर पुन्हा थांबावं लागतं. वाचनालय महापालिकेचं आहे आणि तिथे रॅम्प व्हायचा आहे. हे कुणी तोंडी दिलेलं आश्वासन नाही. शहराच्या अर्थसंकल्पात ती ओळ छापलेली आहे. एकदा नाही, सलग तीन वर्षं.

पहिल्या वर्षी ती ओळ सापडली तेव्हा खूप आनंद झाला, वडिलांना वाचूनही दाखवली. दुसऱ्या वर्षी वाटलं, निविदा लांबली असेल. तिसऱ्या वर्षी मात्र मी ते पान घेऊन ओळखीतल्या एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, रकमेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही टोकन तरतूद आहे ताई. एवढ्यात रॅम्पचा आराखडासुद्धा होणार नाही. लेखाशीर्ष, म्हणजे या कामाचं हिशोबातलं खातं, जिवंत राहावं म्हणून काहीतरी रक्कम टाकून ठेवतात. पुढे पैसे आलेच तर वर्गीकरण करून इकडे वळवता येतात. नाही आले तर पुढच्या वर्षी तीच ओळ परत."

त्या दुपारी त्यांनी मला अर्थसंकल्प वाचायला शिकवला. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. प्रत्येक शहरात दरवर्षी "इतक्या कोटींचा अर्थसंकल्प सादर" अशी बातमी येते, आपण आकडा वाचतो आणि पान उलटतो. पण त्या पुस्तकात आपल्या रोजच्या वाटेतली प्रत्येक गोष्ट असते. फक्त ती कशी शोधायची, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

पुष्कळ शहरांच्या पुस्तकांत प्रत्येक कामापुढे चार रकाने असतात. पहिला, संपलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. दुसरा, चालू वर्षासाठी मंजूर झालेला अंदाज. तिसरा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष सरल्यावर केलेली दुरुस्ती. आणि चौथा, येणाऱ्या वर्षाचा अंदाज. बातमी होते ती चौथ्या रकान्याची. भाषणही त्याचंच होतं, टीकाही त्याच्यावरच.

आता पहिल्या रकान्याकडे बघा. तिथे ज्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असतो, त्या वर्षासाठी मुळात किती धरले होते, हे त्या पानावर कुठेच नसतं. ते बघायला आदल्या वर्षीचं पुस्तक काढून बसावं लागतं. समजा, उद्यानांच्या दुरुस्तीला शंभर धरले होते. सुधारितात त्याचे साठ झाले आणि वर्षाखेरीस प्रत्यक्ष खर्च झाला तीस. नव्या पुस्तकात फक्त तीस दिसतात आणि त्याच ओळीत पुढच्या वर्षाचे एकशेवीस. वाचणाऱ्याला वाटतं, उद्यानांचे पैसे चौपट केले की! शंभरातले सत्तर का खर्च झाले नाहीत, हा प्रश्न ते पान बघून सुचतच नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. प्रत्यक्ष खर्चाच्या शेजारी त्याच वर्षाचा मूळ अंदाज छापा. एक रकाना वाढवा. आकडे शहराकडे आहेतच. त्याला नवीन समिती लागत नाही, सल्लागार लागत नाही. आणि अर्थसंकल्पाचं भाषण त्या दोन रकान्यांमधल्या फरकापासून सुरू करा: काय ठरवलं होतं, काय झालं, काय राहिलं, का राहिलं. पुढचं स्वप्न त्यानंतर सांगा. मी मन लावून ऐकेन.

हा फरक पडतो कसा, तेही समजून घेतलं पाहिजे. नाहीतर "सगळे खातात" एवढं म्हणून आपण मोकळे होतो आणि त्यातून काहीच बदलत नाही. नवीन वर्ष सुरू व्हायच्या कितीतरी महिने आधी प्रत्येक विभाग आपल्या मागण्या पाठवतो. पाणीपुरवठा, रस्ते, आरोग्य, शाळा, अग्निशमन, सगळेच. या मागण्यांची बेरीज उत्पन्नाच्या खूप पुढे जाते. त्यातही पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचे हप्ते, पाणी उपसायच्या पंपांचं वीजबिल हा बांधील खर्च; त्याला हात लावता येत नाही. तो गेल्यावर उरतं त्यातून नवीन कामं करायची असतात. मग सभागृहात प्रत्येक सदस्य आपल्या भागातली कामं घालतो. आपणच तर त्याच्या मागे लागलेलो असतो.

शहराला नोटा छापता येत नाहीत. रोजच्या खर्चासाठी कर्ज काढायलाही बहुतेक ठिकाणी मनाई किंवा कडक मर्यादा असते. जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी व्हायलाच हवी. प्रामाणिक मार्ग एकच, खर्च कापा. पण कापायचं म्हणजे कुणाला तरी तोंडावर नाही म्हणायचं. त्यापेक्षा जमेची बाजू फुगवणं फार सोपं. मालमत्ता कराची वर्षानुवर्षांची थकबाकी यंदा वसूल होईल असं धरायचं. बांधकाम परवानग्यांचं शुल्क वाढेल असं धरायचं. एखादा भूखंड विकला जाईल, वरच्या सरकारकडून अनुदान येईल असंही धरायचं. कागदावर मेळ बसतो आणि अर्थसंकल्प मंजूर होतो.

पैसे मात्र तेवढे येत नाहीत. मग वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांत खरा अर्थसंकल्प ठरतो, आणि तो सभागृहात नाही, लेखा विभागात ठरतो. कुणाचं बिल काढायचं, कुणाचं थांबवायचं, कुठली निविदा काढायचीच नाही. पगार थांबत नाहीत, हप्ते थांबत नाहीत, फीत कापायची तारीख ठरलेला पूलही सहसा थांबत नाही. थांबते ती देखभाल. गटाराचं झाकण, पदपथावरची उखडलेली फरशी, शाळेच्या स्वच्छतागृहाचं दार, वाचनालयाचा रॅम्प. या गोष्टींना उद्घाटन नसतं, त्यामुळे त्या मागे पडल्या तरी कुणाच्या लक्षात येत नाही. ज्यांना त्यांची गरज असते ती माणसं सभेला येऊ शकत नाहीत. माझे वडील सहा पायऱ्या चढताना दमतात. ते दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात जाऊन भांडणार कसे?

काम झालं आणि बिल राहिलं, तर ते पुढच्या वर्षाच्या दायित्वात जातं. म्हणजे नवीन वर्ष सुरू होण्याआधीच त्यातला काही भाग संपलेला असतो. ही दायित्वाची यादी पुस्तकाच्या पहिल्या पानावर असायला हवी. बहुतेक वेळा ती शोधावी लागते.

हे वर्षानुवर्षं चाललं तर काय होतं, याचं उदाहरण न्यूयॉर्क. 1975 मध्ये ते शहर दिवाळखोरीच्या दारात उभं होतं. एका वर्षाच्या उधळपट्टीने ते तिथे पोचलं नव्हतं. रोजचा चालू खर्च भांडवली खर्चात, म्हणजे पूल-इमारतींसारख्या टिकाऊ कामांच्या खर्चात, दाखवला जात होता. हाती न येणारे कर आणि अनुदान जमेला धरून त्यांच्या भरवशावर अल्पमुदतीची कर्जं काढली जात होती. शेवटी त्या शहराचे कर्जरोखे घ्यायला कुणी तयार होईना. हजारो कर्मचाऱ्यांना घरी बसावं लागलं, त्यांत पोलीस होते, शिक्षक होते. शहराच्या विद्यापीठात 1847 पासून चालत आलेलं मोफत शिक्षण 1976 मध्ये बंद झालं. आकडे कुणी फुगवले आणि फी कुणाला भरावी लागली, हे मला फार लागतं.

आणि गंमत म्हणा की दुःख, शहराचा अर्थसंकल्प सामान्य माणसाला समजावून सांगायचा एक फार सुंदर प्रयत्न याच शहरात त्याच्या कितीतरी आधी झाला होता. तिथल्या म्युनिसिपल रिसर्च ब्युरो या नागरी संस्थेने 1908 मध्ये अर्थसंकल्पाचं चक्क प्रदर्शन भरवलं. तक्ते, छायाचित्रं आणि वस्तू. त्यातली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे कोट अडकवायचा एक साधा हुक. बाजारात त्याची किंमत काय आणि शहराने त्यासाठी किती पटीने जास्त मोजले, हे तिथे दाखवलं होतं. शेकडो पानांच्या पुस्तकातून जे कळलं नसतं ते एका हुकाने कळलं. पुढे 1910 मध्ये शहर प्रशासनाने स्वतःच असं प्रदर्शन भरवलं आणि लाखो लोक ते बघायला गेले. अर्थसंकल्पाचं प्रदर्शन बघायला! लोकांना यात रस नसतो असं जे म्हणतात, त्यांनी लोकांना कधी नीट दाखवून बघितलंय का?

दुसरं उदाहरण ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेचं. 1989 पासून तिथे नवीन कामांचा प्राधान्यक्रम भागाभागांतल्या सभांमध्ये लोक ठरवू लागले. हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. वर्षाच्या पहिल्या फेरीतल्या सभांत नवीन मागण्यांच्या आधी मागच्या वर्षाचा हिशोब व्हायचा. ठरलेल्या कामांची पुस्तिका छापलेली असायची, लोक ती हातात घेऊन बसायचे आणि विचारायचे, हे झालं, हे का नाही झालं? 1988 मध्ये तिथल्या सुमारे 75 टक्के घरांना पाणी आणि सांडपाण्याची जोडणी होती, 1997 पर्यंत ते प्रमाण 98 टक्क्यांवर गेलं. त्यामागे नुसत्या सभा नव्हत्या हेही सांगायला हवं. 1988 च्या नव्या राज्यघटनेने शहरांना करांतला जास्त वाटा दिला होता आणि त्या शहराने मालमत्ता करही वाढवला होता. पुढे 2017 मध्ये ही सभांची पद्धत तिथेच स्थगित झाली, म्हणजे तीही आपोआप टिकत नाही. पण कर वाढवतानाच त्याचं काय केलं हे समोर बसून सांगणारं शहर होऊ शकतं, एवढं त्यातून मला दिसतं.

मी स्वतः एकदा अर्थसंकल्पावरच्या सुनावणीला गेले होते. वेळ कामाच्या दिवशी दुपारी तीनची. जाडजूड पुस्तक दारातच हातात दिलं. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. माझ्या शेजारच्या बाई बसथांब्यावरच्या छपराविषयी बोलायला आल्या होत्या आणि पुस्तकात ते कुठे आहे हे शोधता शोधता त्यांची पाळी येऊन गेली. मी त्यांना मदत करत होते. रस्ते विभागात बघितलं, परिवहनमध्ये बघितलं. शेवटी ते मालमत्ता विभागात निघालं, कारण छपरावर जाहिरात लावतात. बाईंनी पुस्तक मिटलं आणि मला म्हणाल्या, "मला वाटलं मलाच वाचता येत नाहीये."

हे वाक्य मला विसरता येत नाही. त्यांना उत्तम वाचता येत होतं. पुस्तक विभागांच्या सोयीने लिहिलेलं होतं. मी राहते त्या भागात कुठली कामं, कोणत्या टप्प्यावर, किती पैशांची, हे चार पानांत सांगता येतं. आणि ती चार पानं मंजुरीच्या आधी निदान पंधरा दिवस घरात असली पाहिजेत. मंजूर झाल्यावर रंगीत पुस्तिका आणि पैसा कसा येतो, कसा जातो याचे गोल तक्ते वाटून काय करायचं? तेव्हा विचारण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

प्रशासनातल्या माणसांना माझं हेही सांगणं आहे की यात तुमचं नुकसान नाही. "यंदा पैसे कमी आले, म्हणून ही कामं पुढे ढकलली, आणि आधी हीच का ढकलली त्याचं कारण हे," असं कुणी स्पष्ट सांगितलं तर मी ते समजून घेईन. रॅम्प यंदा होणार नाही हे मला कळलं असतं, तर वडिलांसाठी पुस्तकं घरपोच मिळतील का हे मी पहिल्याच वर्षी विचारलं असतं. तीन वर्षं वाट बघितली नसती.

यंदाची सुनावणी आता जवळ आली आहे. तिन्ही पुस्तकांतल्या त्या ओळीच्या झेरॉक्स मी काढून ठेवल्यात आणि एका कागदावर एकाखाली एक चिकटवल्यात. प्रत्येकीशेजारी पेनाने एक रकाना आखलाय: प्रत्यक्ष खर्च. पहिल्या दोन वर्षांपुढे शून्य लिहिलंय. तिसऱ्या वर्षाची जागा रिकामी ठेवली आहे, ती मला तिथे बसलेल्या अधिकाऱ्यांकडून भरून हवी आहे.