सभासद डिलीट केला तर थकबाकीचं काय?

"तू लिहितोस ना काहीतरी" एवढ्या भांडवलावर ऑफिसात माणसाच्या गळ्यात काय काय पडेल सांगता येत नाही. माझ्या गळ्यात नवीन पोरांसाठी जँगोचं (पायथॉनमध्ये वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क) ट्युटोरियल पडलं. कोडचं काही नाही हो, पण उदाहरण काय घ्यायचं यावर हिंजवडीतल्या त्या मीटिंग रूममध्ये जेवढा वेळ गेला तेवढ्यात माणूस वाकडला जाऊन परत आला असता. (बरं, नसता आला.)

टीम लीडचं म्हणणं, प्रत्येक टॉपिकला वेगळं छोटं उदाहरण दे, ज्याला जे हवंय ते उघडेल आणि कामाला लागेल. जँगोवाल्यांनी स्वतः दोन्ही केलंय म्हणा. त्यांचं ट्युटोरियल आठ भागांचं आणि आठही भागांत तीच एक पोल्स, म्हणजे मतदानाची ॲप, पण बाकीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये शिरलात की टेबलांच्या नात्यांत मेनी-टू-वनला (अनेकांचा एक) रिपोर्टर आणि आर्टिकल, वन-टू-वनला (एकाला एक) प्लेस आणि रेस्टॉरंट, क्वेरीला, म्हणजे डेटा शोधायला, ब्लॉग आणि एन्ट्री. रात्री अकराला प्रॉडक्शन (लोक वापरतायत ती चालू सिस्टीम) बोंबललेलं असताना हे सुटं प्रकरणच बरं पडतं, तेव्हा कुणाला गोष्ट ऐकायची नसते. पण शिकताना? रिपोर्टरशी जरा ओळख होतेय तोवर तो गायब, पुढच्या पानावर रेस्टॉरंट. पोरं म्हणतात प्रत्येक पान समजलं, आणि एक आख्खी ॲप करायला सांगितली की जागच्या जागी बसतात.

मी सलग एकाच उदाहरणवाला, कारण आमची पिढी ओरॅकल डेटाबेसच्या ईएमपी, म्हणजे सरावाच्या एम्प्लॉयी टेबलवर वाढली. कर्वे रोडच्या क्लासात युजर स्कॉट, पासवर्ड टायगर टाकून आत गेलं की तीच 14 माणसं. प्रेसिडेंट किंगला 5000, आणि क्लार्क स्मिथ 17 डिसेंबर 1980 ला लागला तो बिचारा 800 वर. आमच्या बॅचने त्याला दर आठवड्याला दहा टक्के वाढ दिली आणि लगेच रोलबॅक मारून काढूनही घेतली. पण जॉइन (टेबलं जोडणं) असो नाहीतर ग्रुप बाय (गट पाडणं), माणसं ओळखीची, त्यामुळे डोकं फक्त नव्या गोष्टीला लावायचं. पगार अधिक कमिशन केलं आणि स्मिथचं उत्तर कोरं आलं, टर्नरचं मात्र नीट 1500, कारण टर्नरचं कमिशन शून्य होतं आणि स्मिथचं नल, म्हणजे काही भरलेलंच नाही. हे जे डोक्यात बसलं ते बसलंच.

म्हणून मी घेतलं सोसायटी मेंटेनन्स. फ्लॅट, सभासद, बिल. पुण्यात याहून ओळखीचं काय असणार? आणि तिथून खरा ताप सुरू झाला. रिव्ह्यूला आमचे एक सिनियर होते, ते वारज्यात त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आम्ही पाठीमागे त्यांना काका म्हणतो. मायग्रेशनवर (डेटाबेसच्या रचनेतले बदल) एक अक्षर नाही. "भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं नॉन-ऑक्युपन्सी कुठंय? सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपर्यंत लावता येतं." "सिंकिंग फंड वेगळा दाखवा." मग कुणीतरी तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचे पैसे का द्यायचे हे काढलं आणि संपलीच मीटिंग. सलग उदाहरणाची ही गोम आहे बघा, गोष्ट फारच ओळखीची असली की लोक गोष्टीतच भांडत बसतात. पोल्स कसली शहाणी ॲप आहे हे तेव्हा पटलं. प्रश्न आणि पर्याय, दोन मॉडेल (म्हणजे दोन टेबलं), भांडायला जागाच नाही. मी नॉन-ऑक्युपन्सी उडवली, सिंकिंग फंड उडवला, लिफ्ट तर बिल्डिंगमधूनच काढून टाकली.

लीडचा एक मुद्दा मात्र खरा होता, जो थेट पाचव्या भागाला उगवतो त्याचं काय? भूमकर चौकात अडकलेलं कुणी ना कुणी रोज असतंच. आमची आई मालिका महिनोन् महिने बघत नाही आणि तरी एका संध्याकाळी तिला सगळं कळतं, कारण ती माणसं सारखी एकमेकांना मागचंच सांगत असतात. तेच केलं. गिटमध्ये (कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपतं ते) प्रत्येक भागाच्या सुरुवातीचा कोड टॅग, म्हणजे नाव देऊन खूण करून ठेवला, वर चार ओळी, आत्तापर्यंत काय झालं. तिसरा भाग गंडला तरी चौथ्याचा टॅग घ्या आणि चला पुढे.

चौथ्या भागात बिलाला सभासदाची फॉरेन की (बिल कुणाचं ते सांगणारा दुवा), ऑन-डिलीटला कॅस्केड (सभासद गेला की त्याची बिलंही जातात), पोल्समध्येही तेच आहे. काकांनी ॲडमिनमध्ये (डेटा बघायची-बदलायची जँगोची तयार पानं) एक सभासद निवडून डिलीट दाबलं. ॲडमिनने सभासदाबरोबर त्याच्या सगळ्या बिलांची यादी दाखवली, हे सगळं जाणार, नक्की ना?

"अहो, थकबाकीदार डिलीट केला की थकबाकी माफ? कुठल्या सोसायटीत राहता तुम्ही?"

पोल्समध्ये प्रश्न गेला की पर्याय ठेवून करायचंय काय, तिथे कॅस्केड बरोबरच. इथे पाहिजे प्रोटेक्ट. बदललं, आता ॲडमिन डिलीटच करू देत नाही, कुठली बिलं आड येतायत ते दाखवतो. हा किस्सा तसाच्या तसा ट्युटोरियलमध्ये घातला आणि सेशनला काकांनाच बोलावलं. एका पोरीने विचारलं, "सर, मग त्याने फ्लॅट विकला आणि खरंच काढायचं असेल तर?"

"आधी नो-ड्यूज," काका म्हणाले, "मग बाकीचं."

आणि पोरांनी वहीत प्रोटेक्टच्या पुढे लिहून घेतलं, नो-ड्यूज.