इंडस-२ मोडीत काढू नका

मे महिन्यात इंदूरला गेले होते. राजेंद्रनगरच्या घरी सकाळी पोहे-जिलेबी खाताना मामांनी विषय काढला. "कॅटमधलं ते इंडस-२ म्हणजे २००५ सालचं. अजून त्याच्यावरच पैसे घालायचे? नवं उभारा की!" (कॅट म्हणजे इंदूरचं सरकारी संशोधन केंद्र; नाव आरआरकॅट झालं, तरी इंदूरकर कॅटच म्हणतात. इंडस-२ हे तिथलं इलेक्ट्रॉन गोल फिरवणारं मोठं यंत्र, म्हणजे सिंक्रोट्रॉन.)

मला राहवलं नाही. मी जर्मनीत डार्मश्टाटला राहते, निर्वात यंत्रणांचं काम करते. इथला यूनिलॅक हा जड आयनांचा त्वरक, म्हणजे विद्युतभारित जड अणूंना प्रचंड वेग देणारं यंत्र, १९७५ पासून चालतोय. १०७ ते ११२ क्रमांकांची मूलद्रव्यं त्याच्याच झोतामुळे हाती लागली. शेजारी 'फेअर' हे नवं त्वरक-संकुल उभं राहतंय, भारतही त्यात भागीदार आहे. पण तिथे आयन पुरवायला यूनिलॅकच लागणार, म्हणून त्याची डागडुजी आणि सुधारणा चालू आहे.

इंडस-२ अणुकेंद्रं फोडत नाही. ते इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण देतं. दुखणी मात्र तीच: गळती, चुंबकांचा वीजपुरवठा, थंड पाण्याच्या नळ्या. झोत ज्या निर्वात नळीतून जातो, त्या झोतनलिकेचा एक सांधा उघडला की आतली तांब्याची गॅस्केट टाकून द्यायची, नवी बसवायची. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. मग बाहेरून हेलियम फवारून तो आत शिरतो का ते बघायचं. पोलादी धारेवर केसाएवढा ओरखडा असला तरी सगळं पुन्हा. हे पुस्तकातून येत नाही, जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच येतं.

आणि कॅटच्या लोकांना ते येतं. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉनना ऊर्जा पुरवणाऱ्या क्लायस्ट्रॉन नळ्यांच्या जागी त्यांनी स्वतः घडवलेले ५०५.८ मेगाहर्ट्‌झचे सॉलिड-स्टेट ॲम्प्लिफायर बसवले. त्यात लहान लहान मॉड्यूलं असतात, एखादं गेलं तरी झोत चालू राहतो. एवढं मोठं काम इंदुरात झालं आणि इंदुरातच किती जणांना ठाऊक आहे? मला त्याचं फार वाईट वाटतं.

नवा सिंक्रोट्रॉन हवाच, त्यावर मामांशी माझं भांडण नाही. पण तो चालवणार कोण? आजचे जाणते तंत्रज्ञ निवृत्त व्हायच्या आधी दोन-तीन वर्षं तरी त्यांच्या हाताखाली नवी पोरं हवीत, आणि ती शिकणार ह्याच चालत्या मशीनवर. सुट्या भागांचे आणि ह्या भरतीचे पैसे नव्या मशीनच्या घोषणेतून उरतील तेवढेच द्यायचे, हे मला पटत नाही. ते आधी बाजूला काढा.