कार्ड कोणाला द्यायचे?

गिरगावातल्या माझ्या चुलतभावाने परवा फोनवर ठामपणे सांगितले की कामाठीपुऱ्याचा, म्हणजे मुंबईतल्या वेश्यावस्तीचा, पुनर्विकास होणारच आहे, तर त्याआधी तिथल्या बायकांची सक्तीने रक्ततपासणी करून त्यांना निकालाची कार्डे द्यावीत, म्हणजे एड्स तिथल्या तिथे थांबेल. दादाला मी सहसा उलट बोलत नाही, पण हे वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

ही कल्पना मुळात इंग्रजांची. गोऱ्या सैनिकांच्या प्रकृतीसाठी 1868 च्या कायद्याने त्यांनी अशीच नोंदणी आणि तपासणी लादली, बायका ती चुकवू लागल्या आणि 1888 मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. शिवाय संसर्गानंतरचे पहिले काही आठवडे रक्तात काही न दिसण्याची शक्यता असते. गिऱ्हाइकाला तर कार्डच नाही. उलट तिचे कार्ड पाहून तोच निरोध नाकारील. आपल्या 2017 च्या कायद्याने संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही, ती याच अनुभवातून आलेली समज आहे. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने 1992 पासून वस्तीतल्याच बायकांच्या हाती निरोधवाटपाचे काम दिले, कारण ‘निरोध नसेल तर नको’ हे चार जणींच्या बळावरच म्हणता येते. पुनर्विकासात या बायका उपनगरांतल्या भाड्याच्या खोल्यांत विखुरल्या, तर ते बळ कुठून येणार, हा प्रश्न दादाला पडत नाही.

इथे न्यूझीलंडमध्ये 2003 च्या कायद्याने हा व्यवसाय गुन्ह्यातून बाहेर काढला आणि सुरक्षित संबंधांची जबाबदारी गिऱ्हाइकावरही टाकली. ऑकलंडमध्ये या व्यवसायासाठी ओळखल्या जाणाऱ्या के रोडवरून जाताना मला या देशाचा अभिमान वाटतो, आणि तो मी दादाला ऐकवलाही. मात्र तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बाईला त्याच कायद्याने हे काम करण्यास मनाई आहे, त्यामुळे ती मार खाऊनही पोलिसांकडे जायला घाबरते, हे मी गाळले.

आणखीही एक गोष्ट गाळली. 2012 साली व्हिसासाठी माझी एचआयव्ही चाचणी झाली, तेव्हा मुंबईतल्या त्या दवाखान्याबाहेर दादाच माझी वाट पाहत बसला होता. संमतीच्या कागदावर मी सही केली, पण नाही म्हटले असते तर व्हिसा मिळाला नसता. लपवण्यासारखे काही नसतानाही अहवाल येईपर्यंत मला धड जेवण गेले नाही, आणि आईला काय सांगायचे याची वाक्ये मी रात्री मनात जुळवीत होतो.